एका न फाटणाऱ्या पुस्तकाविषयीं

परीक्षणास घेतलेलें पुस्तक कोणत्या कागदावर छापलें आहे याची वास्तपुस्त परीक्षक सहसा करीत नाहीं. फार तर शेवटीं ‘छपाई सुबक असून कागद बरा आहे’ असें एक वाक्य लिहून तो मोकळा होतो. प्रस्तुत पुस्तकाच्या बाबतींत मात्र सुरुवात तेथूनच करणें भाग आहे. कारण विल्यम मॅक्डोना आणि मायकेल ब्राउनगार्ट या दोघांनीं लिहिलेलें ‘क्रेडल टु क्रेडल’ हें इंग्रजी पुस्तक २००२ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालें तें मुळीं कागदावर छापलेलेंच नव्हतें. प्लास्टिकची राळ आणि खनिजांची पूड यांपासून बनविलेल्या पानांवर तें छापलेलें आहे. पानें पांढरीं, गुळगुळीत व बोटांना किंचित् थंड लागणारीं. पाण्यांत तीं भिजत नाहींत, त्यांना कसर लागत नाहीं, आणि फाडूं म्हटल्यास फाटत नाहींत. आकाराच्या मानानें पुस्तक चांगलेंच जड आहे. यासाठीं एकही झाड तोडावें लागलें नाहीं, आणि शाई धुऊन काढून व पानें वितळवून त्यांचेंच पुन्हां तितक्या प्रतीचें दुसरें पुस्तक करतां यावें अशी ही योजना आहे, असा खुलासा ग्रंथकर्त्यांनीं प्रास्ताविकांत केला आहे. म्हणजे पुस्तकांत जें सांगावयाचें त्याचा दाखला पुस्तकाच्या देहानेंच द्यावा, असा त्यांचा हेतु. हा हेतु कितपत सिद्धीस गेला याचा आम्हांस जो अनुभव आला तो पुढें सांगूं.

इतक्या वर्षांनीं या पुस्तकाचें परीक्षण कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. सृष्टीचें भांडार रितें न करतां व तिच्या पोटांत विष न सांठवितां द्रव्यांचा उपयोग कसा करावा, या विचाराचें गेल्या साठ वर्षांत एक स्वतंत्र शास्त्रच बनलें आहे. आणि त्या शास्त्रांतील जो एक ग्रंथ प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून सामान्य सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत येऊन बसला तो हाच. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञानें १९६६ सालीं पृथ्वीला अंतराळांतून जाणाऱ्या बंदिस्त यानाची उपमा देऊन, यानांतील प्रवाशाप्रमाणें मनुष्यासही आपलें द्रव्य फिरवून फिरवून वापरावें लागेल, असें दाखविलें. १९८९ सालीं फ्रॉश आणि गॅलोपूलस या दोघांनीं एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल व्हावा ही कल्पना ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतून मांडली. १९९८ सालीं अनॅस्टस व वॉर्नर यांनीं रसायनशास्त्रासाठीं बारा नियमांची एक संहिताच घालून दिली. हीं नांवें तज्ज्ञांस ठाऊक आहेत. इतरांस तीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा जो शब्द आज मंत्र्यांच्या भाषणांपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र आढळतो, त्याची गोडी लोकांना लावण्यांत या पुस्तकाचा वांटा फार मोठा आहे. त्या गोडींत पौष्टिक काय आणि नुसतें गोड काय, हें पाहणें आतां शक्य झालें आहे. पुस्तक नवें होतें तेव्हां तें शक्य नव्हतें.

ग्रंथकर्त्यांपैकीं मॅक्डोना हे अमेरिकन वास्तुशिल्पी, तर ब्राउनगार्ट हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. दोघांची गांठ १९९१ सालीं पडली. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यांत असा: पर्यावरणाची काळजी वाहणारे लोक आजवर सांगत आले तें एवढेंच, कीं कारखान्यांनीं धूर कमी सोडावा, विष कमी वापरावें, कचरा कमी करावा. परंतु दहा घरीं चोरी करणाऱ्यानें ती पांच घरींच केली म्हणून तो साव ठरत नाहीं. (उपमा आमची आहे, म्हणणें त्यांचें.) कमी वाईट म्हणजे चांगलें नव्हे. उत्तरपक्ष असा, कीं वस्तु घडवितांनाच ती अशा रीतीनें घडवावी कीं तिचें आयुष्य संपल्यावर तिच्यांतील प्रत्येक द्रव्य कशाचें तरी अन्न व्हावें. हें अन्न दोन प्रकारचें. लोकर, कापूस, लांकूड हें मातीचें अन्न. जिवाणूंनीं खाऊन तें मातीस मिळावें. तांबें, अल्युमिनियम, पोलाद, टिकाऊ प्लास्टिक हें यंत्राचें अन्न; त्यानें मातींत कधींच न जातां कारखान्यांतून कारखान्यांत फिरत राहावें. या दोहोंची गल्लत झाली कीं अनर्थ होतो. क्रोमियमनें कमावलेल्या कातड्याचें उदाहरण ग्रंथकर्ते देतात. कातडें हें खरें मातीचें अन्न. परंतु क्रोमियम आंत शिरल्यावर तें मातीस घातक होतें आणि त्यांतील क्रोमियमही पुन्हां कोणाच्या हातीं लागत नाहीं. दोन्ही घरच्या पाहुण्यासारखी त्याची गत होते.

यांपैकीं पहिलें चक्र आमच्याकडील गुऱ्हाळ पाहिलेल्या वाचकास समजावून सांगावयास नको. रस काढून उरलेलीं चिपाडें वाळवून त्यांच्याच जाळावर रसाची काहील उकळते, आणि चुलवाणांतील राख शेतांत जाते. नवें आहे तें दुसरें चक्र, आणि दोहोंच्या मध्यें भिंत असली पाहिजे हा आग्रह. हा आग्रह आम्हांस पुस्तकांतील सर्वांत टिकाऊ विचार वाटतो. आज बाजारांत मिळणारी वेफर्सची पिशवी हातांत घेऊन पाहावी. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्यें अल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर बसविलेला असतो. त्यामुळें ती धड प्लास्टिकच्या भट्टींत जात नाहीं व धड धातूच्याही नाहीं. ती फेंकणाऱ्या मुलाला आपण रागावतों, परंतु ती न फेंकतां तिचें काय करावें हें त्याला सांगूं शकत नाहीं. दोष फेंकणाऱ्याच्या हाताचा नसून घडविणाऱ्याच्या आराखड्याचा आहे, हें या पुस्तकानें जितक्या स्पष्टपणें सांगितलें तितक्या स्पष्टपणें पूर्वीं क्वचितच कोणी सांगितलें असेल.

पुस्तकांतील सर्वांत सरस भाग म्हणजे स्वित्झर्लंडमधील एका कापड-गिरणीची हकीकत. खुर्च्यांच्या गाद्यांस लावावयाचें कापड तेथें विणलें जाई. त्या कापडाच्या कडा कातरून जीं कातरणें निघत, त्यांना सरकारी तपासनिसांनीं घातक कचरा ठरविलें होतें. म्हणजे कडा विषारी म्हणून देशांत पुरावयासही बंदी, आणि मधल्या कापडावर लोकांनीं खुशाल बसावें! ग्रंथकर्त्यांनीं लोकर आणि रॅमी नांवाच्या वनस्पतीचा धागा यांचें कापड योजिलें. खरी अडचण रंगांची व इतर प्रक्रियांची होती. कर्करोग उत्पन्न करणारें, जनुकांत बिघाड करणारें, शरीरांत सांठत जाणारें किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या कामांत ढवळाढवळ करणारें एकही द्रव्य नको, अशी अट घालून त्यांनीं रसायनांच्या कारखानदारांकडे त्यांच्या मालाची घटना मागितली. साठ कंपन्यांनीं ती देण्याचें नाकारलें. अखेर सिबा-गायगी ही कंपनी कबूल झाली. ८,००० रसायनें छाननीस घेतलीं, त्यांतून ३८ उरलीं. आणि तेवढ्यांत कापडाची सारी मालिका तयार झाली. पुढें तपासनीस गिरणींतून बाहेर पडणारें पाणी तपासावयास आले तेव्हां त्यांना आपलीं उपकरणें बिघडलीं असें वाटलें, कारण जें सांपडावयास हवें तें पाण्यांत सांपडेना. शेवटीं गिरणींत येणारें पाणीही त्यांनीं तपासलें, तेव्हां उपकरणें ठीक असल्याची त्यांची खात्री पटली. कातरणांचा नमदा करून तो फळबागांतून जमिनीवर पसरावयास दिला जाऊं लागला.

या हकीकतींत आम्हांस मोल वाटतें तें स्वच्छ पाण्याहूनही त्या दोन आंकड्यांचें. ८,००० पैकीं ७,९६२ रसायनें बाजूस सारूनही काम अडलें नाहीं. तेव्हां त्यांतील कित्येक इतकीं वर्षें वापरांत होतीं तीं गरज म्हणून नव्हे, तर तीं वापरण्यापूर्वीं कोणी प्रश्न विचारला नाहीं म्हणून, असें मानावयास हरकत नाहीं. धुराड्यावर जाळी बसविणें, सांडपाण्यावर प्रक्रिया करणें हे सर्व मागाहूनचे उपचार होत. ग्रंथकर्त्यांनीं गाळणी बसविली ती आराखड्याच्या कागदावर. आमच्या महाविद्यालयांतून रसायनाचा विद्यार्थी विक्रियेचें उत्पन्न शेंकडा किती आलें हें वहींत लिहावयास शिकतो. बाकीचें कोठें गेलें हें त्यास कोणी विचारीत नाहीं. बॅरी ट्रोस्ट यांनीं १९९१ सालीं हाच प्रश्न अणूंच्या काटकसरीच्या रूपानें विचारला: आंत घातलेल्या अणूंपैकीं किती अणु आपल्याला हव्या असलेल्या पदार्थांत उतरले? या कसोटीनें पाहतां एखादी विक्रिया शेंकडा शंभर साधूनही तिचे निम्मे अणु मोरींत जाऊं शकतात. परीक्षेंत पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी आणि नदी नासविणारा कारखानदार यांच्यांत त्या मोरीच्या दृष्टीनें फारसा भेद नाहीं.

येथवर आम्ही ग्रंथकर्त्यांबरोबर आहों. आतां मतभेदाकडे वळूं.

पुस्तकाची शैली व्याख्यात्याची आहे. वाक्यें सुटसुटीत, दृष्टांत ठसठशीत, आणि वाचकास न दुखवितां आपल्या बाजूस वळवून घेण्याची हातोटी उत्तम. परंतु व्याख्यात्याचा एक दोषही तिच्यांत उतरला आहे: टाळी मिळाली कीं तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ग्रंथकर्त्यांचा मुख्य दृष्टांत चेरीच्या झाडाचा आहे. वसंतांत झाड हजारों फुलांनीं लहडतें, फळें थोडींच धरतात, तरी गळलेल्या फुलांना कोणी उधळपट्टी म्हणत नाहीं. कारण तीं मातीस मिळतात व त्यांवर कित्येक जीव पोसतात. सृष्टि हात आंखडीत नाहीं, मग मनुष्यानें तरी कां आंखडावा? वस्तु निर्दोष घडवा आणि मग हव्या तितक्या घडवा, असा या दृष्टांताचा रोख आहे. दृष्टांत मोहक आहे खरा. परंतु ज्यानें आंब्याचें झाड वर्षानुवर्षें पाहिलें आहे त्याला त्यांतील उणीव तत्काळ दिसेल. मोहर उदंड येतो. पण एका वर्षीं झाड लदलें म्हणजे पुढच्या वर्षीं तें बहुधा विसांवा घेतें, आणि हापुसाच्या बाबतींत तर बागवाले हें गृहीत धरूनच चालतात. म्हणजे झाड हिशेब ठेवतें. त्याचा खर्च त्याच्यावर पडलेल्या उन्हांतून व मुळांच्या टप्प्यांतील पाण्यांतून भागतो. शिवाय कोणत्याही रानांतील झाडांची संख्या दरसाल शेंकडा तीननें वाढत जात नाहीं. ग्रंथकर्त्यांनीं झाडाचा मोहर पाहिला, त्याची जमाखर्चाची वही पाहिली नाहीं.

फोर्ड कंपनीच्या डिअरबॉर्न येथील जुन्या कारखान्याची पुनर्रचना हें मॅक्डोना यांचें एक गाजलेलें काम. पुस्तक निघालें तेव्हां तें चालू होतें, पुढें तें पुरें झालें. सुमारें दहा एकर छपरावर सीडम जातीचीं मांसल पानांचीं झुडुपें लावलीं. तीं पावसाचें पाणी शोषून घेतात. कल्पना चांगली आणि कामही देखणें. मात्र त्या हिरव्या छपराखालीं तयार होतात त्या एफ-१५० जातीच्या दणकट पिकअप मोटारी; आणि अशा मोटारी जगांत किती असाव्या हा प्रश्न छपराच्या आराखड्यांत कोठेंच बसत नाहीं. ‘कोणती’ याचें उत्तर या पुस्तकांत पानोपानीं आहे. ‘किती’ याचें नाहीं.

‘किती’ हा प्रश्न केवळ नीतीचा नाहीं, तो साध्या अंकगणिताचा आहे. समजा, एखाद्या धातूचा वापर दरसाल शेंकडा तीननें वाढतो आहे. चक्रवाढीच्या हिशेबानें तो सुमारें २४ वर्षांत दुप्पट होईल. समजा, त्या धातूची वस्तु २४ वर्षें टिकते, आणि ती निकामी झाल्यावर तिच्यांतील कण न् कण आपण परत मिळवितों; तिळमात्रही वायां जाऊं देत नाहीं. तरीही आज परत मिळणारा धातु २४ वर्षांपूर्वींचा, म्हणजे आजच्या गरजेच्या निम्मा. उरलेला निम्मा खाणींतूनच काढावा लागणार. आराखडा कितीही निर्दोष असो, वाढ चालू आहे तोंवर चक्र मिटत नाहीं. तें चक्र नव्हेच, तो मळसूत्रासारखा वर वर जाणारा फेरा आहे. वस्तु जितकी टिकाऊ, तितकी ही तूट मोठी! विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें कोळशाविषयींच्या आपल्या १८६५ सालच्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, वाफेचीं यंत्रें कमी कोळशांत चालूं लागलीं म्हणून इंग्लंडांत कोळसा कमी जळूं लागला नाहीं, उलट अधिक जळूं लागला. काटकसरीच्या यंत्रांविषयीं जें जेव्हन्सनें म्हटलें तेंच निर्दोष वस्तूंविषयीं कां खरें ठरूं नये, याचा विचार पुस्तकांत व्हावयास हवा होता.

दुसरी अडचण पदार्थविज्ञानाची आहे. साखर पाण्यांत विरघळविण्यास कांहींच लागत नाहीं. ती परत काढावयाची तर जाळ लावावा लागतो. द्रव्य एकत्र असणें, मिसळणें आणि विखुरणें यांच्या किंमती सारख्या नसतात. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन या रूमानियांत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञानें १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याच नियमावर सारें अर्थशास्त्र नव्यानें उभारण्याचा प्रयत्न केला. नाणें हातांहातांतून झिजतें, टायर रस्त्यावर झिजतो, आणि ती झीज कोणी गोळा करूं शकत नाहीं, यावर त्यांचा भर असे. द्रव्याविषयीं त्यांनीं सुचविलेला स्वतंत्र नियम पदार्थविज्ञानाच्या पंडितांनीं मान्य केला नाहीं. पुरेशी ऊर्जा असेल तर विखुरलेलें द्रव्य तत्त्वतः गोळा करतां येतें, असें त्यांचें उत्तर. उत्तर बरोबर आहे, परंतु ‘पुरेशी’ या शब्दांतच सारें घोडें अडतें.

अल्युमिनियमच्या बाबतींत हें घोडें सुखानें चालतें. खनिजापासून अल्युमिनियम काढावयास जी ऊर्जा लागते तिच्या शेंकडा पांचाच्या आसपास ऊर्जेंत तें जुन्या भांड्याडब्यांतून वितळवून मिळतें. म्हणून हें चक्रच खोटें असें कोणी म्हणूं नये. पोलादाची स्थिति निराळी. मोटार मोडींत निघाली म्हणजे तिच्यांतील विजेच्या तारांचें तांबें पोलादांत मिसळतें. आणि एकदां मिसळलें कीं भट्टींत प्राणवायु फुंकूनही तें निघत नाहीं, कारण तांब्याच्या आधीं लोखंडच जळून जातें. असें पोलाद मोटारीच्या पत्र्यास लायक राहत नाहीं. तें इमारतीच्या सळ्यांस जातें. धातूची ही पायरीपायरीनें होणारी उतरण ग्रंथकर्त्यांनीं ओळखली आहे, व तारा आणि पत्रा सहज अलग करतां येतील अशीच मोटार बांधावी हा त्यांचा उपायही योग्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं अलग करणें हें काम आहे; तें कोणाला तरी करावें लागतें.

हें ‘कोणाला तरी’ म्हणजे कोणाला, याविषयीं पुस्तक बहुतेक मौन धरतें. त्यांतील योजना अशी, कीं ग्राहकानें यंत्र विकत न घेतां त्याचा ठराविक काळ उपयोग करण्याचा हक्कच विकत घ्यावा, आणि मुदत संपल्यावर यंत्र कंपनीनें परत न्यावें. कागदावर हें नामी आहे. परंतु आराखडा काढणाऱ्यास वापरणाऱ्याचें जग ठाऊक नसलें म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण पुस्तकानंतरच्या काळांतच घडलें. चीनच्या लिआओनिंग प्रांतांतील हुआंगबाइयू या खेड्याची नवी रचना मॅक्डोना यांच्या आराखड्यानुसार करावयाचें ठरलें. शेंकडों घरें योजिलीं होतीं. बांधून झालीं तीं चाळीसच्या आसपास, आणि तींही बहुतेक रिकामीं राहिलीं. ज्यांच्याजवळ मोटार नाहीं व ती घेण्याची ऐपतही नाहीं अशा शेतकऱ्यांच्या कांहीं घरांना मोटारखाने होते. याहून बोलकी गोष्ट पुढची. गांवाला लागणारा ज्वलनवायु मक्याचीं कणसें व ताटें यांपासून, म्हणजे शेतांतील ‘टाकाऊ’ मालापासून, करावयाचा होता. तो माल टाकाऊ नव्हता. हिवाळ्यांत गांवकऱ्यांच्या बकऱ्या त्यावरच जगत, आणि त्या बकऱ्यांची मऊ लोकर हें गांवाच्या रोख उत्पन्नाचें साधन होतें. उच्छिष्टाचें अन्न करावें असें सांगणाऱ्यांनीं जें आधींच अन्न होतें त्यालाच उच्छिष्ट ठरविलें! यांत दुष्टपणा मुळींच नाहीं. विचारावयाचें राहून गेलें, इतकेंच. परंतु तपासनिसांच्या उपकरणांची गोष्ट इतक्या चवीनें सांगणाऱ्या ग्रंथकर्त्यांच्या कामांत हें घडावें याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां आमच्या प्रतीची हकीकत. दर तीन-चार महिन्यांनीं आमच्याकडे रद्दी नेण्यास एक गृहस्थ येतात. मागच्या खेपेस वर्तमानपत्रांच्या व मासिकांच्या गठ्ठ्यावर आम्ही हें पुस्तक मुद्दाम ठेविलें. गठ्ठा तोलण्यापूर्वीं त्यांनीं तें उचललें, अंगठ्यानें पान चोळलें, एक कोपरा फाडून पाहिला, तो फाटला नाहीं, तेव्हां पुस्तक आमच्या हातीं परत देत ते म्हणाले, “सर, हा कागद नाही. आन् प्लास्टिक म्हणून दिलं तर पुढं घेणार कोण? राहूं द्या तुमच्याकडंच.” हें परीक्षण अर्ध्या मिनिटांत झालें, आणि आम्ही वाचलेल्या इतर सर्व परीक्षणांहून तें नेमकें होतें. पुस्तक वितळवून पुन्हां पुस्तक करतां येतें हें रसायनशास्त्राच्या दृष्टीनें खरें आहे. पण तें वितळविणारी भट्टी पुण्यांत नाहीं. असा माल पुरेसा जमत नाहीं म्हणून तो कोणी घेत नाहीं, आणि कोणी घेत नाहीं म्हणून तो जमत नाहीं. न्यूयॉर्कला परत धाडावें तर टपालखर्च पुस्तकाच्या किंमतीहून अधिक. उलट ज्याचा ग्रंथकर्त्यांना तिटकारा, तो झाडाचा कागद आमच्या दारांतून रोख पैसे देऊन नेला जातो व गिरणींत जाऊन पुठ्ठा होऊन परत येतो. पुठ्ठा कागदाहून हलक्या प्रतीचा, हें कबूल. परंतु हलक्या प्रतीचें चालू चक्र आणि उत्तम प्रतीचें न चालणारें चक्र यांत पसंती कोणास द्यावी?

द्रव्य हातांत घेऊन तें ओळखण्याची ही विद्या ज्यांच्यापाशीं आहे त्यांची आमच्या सुशिक्षित समाजास जवळजवळ दखलच नसते. पुण्यांत १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली, आणि २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम हातीं घेतलें. यंत्राच्या अन्नाचें चक्र या शहरांत जेवढें फिरतें तेवढें मुख्यतः या स्त्रियांच्या हातांनीं फिरतें. कोणतें द्रव्य फिरतें आणि कोणतें अडतें हें त्यांना रोजच्या कमाईवरून कळतें, कारण जें अडतें त्याचे पैसे मिळत नाहींत. एखादें वेष्टन बाजारांत आणण्यापूर्वीं कारखानदारानें या बायांपैकीं चौघींना बोलावून तें दाखविलें, तर ८,००० रसायनांच्या छाननीइतकीच उपयुक्त छाननी फुकटांत होईल. फुकटांत कां, त्यांना त्याची योग्य फी द्यावी. वस्तूच्या आराखड्यांत वास्तुशिल्पी व रसायनशास्त्रज्ञ यांच्याबरोबर हें तिसरें माणूस बसलें पाहिजे, हें या पुस्तकांत कोठेंच नाहीं. आणि आमच्या मतें त्याची सर्वांत मोठी उणीव हीच.

एक गोष्ट ग्रंथकर्त्यांच्या बाजूनेंही सांगितली पाहिजे. संयमाच्या उपदेशाचा त्यांना कंटाळा आहे, व तो समजण्यासारखा आहे. मागील पिढींत जुन्या लुगड्यांची गोधडी होई, बोहारीण जुनेर घेऊन भांडें देई, आणि फुटकी बादली डाग लावून आणखी चार वर्षें चाले. या काटकसरीचे गोडवे गाणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. एकदोन लिहिलेही आहेत. परंतु ती काटकसर बहुतांशीं अडचणीची होती. गोधडीला टांके घालणारे हात घरांतील बायकांचे होते, आणि ज्यांना ते टांके घालावे लागले त्यांनीं तिचे गोडवे गाइल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. तेव्हां लोकांस अपराधी ठरवून त्यांच्याकडून कायमचें कांहीं करवून घेतां येत नाहीं हें ग्रंथकर्त्यांचें निदान आम्हांस मान्य आहे. मान्य नाहीं तें पुढचें अनुमान, कीं संयम नकोसा आहे म्हणून तो अनावश्यकही आहे. रोग्याला औषध कडू लागतें म्हणून वैद्यानें तें चिठ्ठींतूनच गाळावें, असा हा प्रकार आहे. आमच्यासारख्या वर्गाला हें अनुमान फार आवडतें, हें आम्ही स्वतःवरून सांगतों. पहिल्या वाचनानंतर आम्हीं ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी लावलेल्या तीन वस्तु विकत घेतल्या, ज्यांपैकीं एकीचीही घरांत गरज नव्हती.

ग्रंथकर्त्यांच्या पद्धतीनें वस्तूंना प्रमाणपत्र देणारी एक स्वतंत्र संस्था २०१० सालीं निघाली, व २०१३ सालीं याच दोघांचें ‘दि अपसायकल’ हें दुसरें पुस्तक आलें. त्यांत पहिल्याच विचारांचा विस्तार असून आशावाद आणखी वाढला आहे. पहिलें वाचलेल्यानें दुसरें न वाचल्यास मोठीशी हानि नाहीं. पहिलें मात्र अवश्य वाचावें. विशेषतः रसायनशास्त्राच्या व स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनीं दोन चक्रांचें विवेचन आणि गिरणीची हकीकत बारकाईनें वाचावी, आणि चेरीच्या झाडाशीं आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसावें. मराठींत त्याचें भाषांतर झाल्यास आम्हांस आनंदच होईल. भाषांतरकारानें शेवटीं एक प्रकरण जोडून आपल्याकडील भंगारवाले, रद्दीवाले व वेंचणाऱ्या बाया यांच्या कामाची नीट माहिती द्यावी, म्हणजे मूळ पुस्तकांतील उणीव कांहीं अंशीं भरून निघेल. छपाई साध्या कागदावर करावी.